खाचेला फांदी फुटताना

शंकेखोर : दिल्लीतल्या ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवरचं ते झाड तुझ्या डोक्यात बसलं, यात नवल नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरून मान वर करून जाणाऱ्या कुणाच्याही बसेल. इमारत चार्ल्स कोरियांची, १९९२ सालची. चित्र हॉवर्ड हॉजकिनचं. पांढऱ्या मकराना संगमरवरात काळ्या कडप्प्याची पसरलेली वडाची सावली. नव्या महाराष्ट्र सदनात उतरलेल्या पाहुण्यांना तू ते आवर्जून दाखवायला नेतेस, तेही चांगलंच. पण तेच झाड फूटभर कडप्प्याच्या फरशीत खाचा पाडून कोरायचं आणि त्यासाठी कॅडमध्ये सगळं स्वीपनं उभं करायचं, इथं माझी गाडी अडते. स्वीप म्हणजे काय? एक छेद घ्यायचा, एक वाट आखायची, आणि तो छेद त्या वाटेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. तो जिथून जिथून गेला तिथला माल काढला की खाच तयार. बुशमधली तेलाची खाच, झाकणातली गॅस्केटची खाच, वाकलेली नळी, यांच्यासाठी स्वीपला तोड नाही. पण वाट दुभंगली की छेदानं जायचं कुणीकडं? सॉलिडवर्क्सला फाटे असलेलं अख्खं स्केच वाट म्हणून दे, तो घेत नाही. फ्रीकॅडच्या सबट्रॅक्टिव्ह पाइपलाही एकच सलग साखळी लागते. हा त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा आळस नव्हे. एक वस्तू, एक वाट, एक प्रवास, एवढंच त्या फीचरला कळतं. झाडाची गोष्ट नेमकी उलटी आहे. फांदी फुटली नाही तर ते झाड कसलं, काठी झाली.

हौशी : काका, व्याख्येत फाटा नाही हे मान्य. म्हणून फाटा होतच नाही, हे नाही मान्य. सगळं झाड एका दमात काढायचंच कशाला? मी एकाच स्केचमध्ये सगळ्या मध्यरेषा आखते. आधी खोड घ्यायचं. सहा मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, मध्यरेषा फरशीच्या पृष्ठावर, म्हणजे अर्धं वर्तुळ हवेत आणि अर्धं दगडात. तीन मिलिमीटर खोल अर्धगोल खाच मिळाली. मग सिलेक्शन मॅनेजर उघडून त्याच स्केचमधली पहिली फांदी तेवढी निवडायची आणि पुन्हा स्वीप. मग दुसरी. यात खुबी एकच : फांदीची वाट खोडाच्या काठापासून सुरू करायची नाही, खोडाच्या मध्यरेषेपासून करायची. काठापासून केली तर फांदीचं सपाट तोंड तिरकं बसतं आणि एका अंगाला दगडाची पाचर तशीच उभी राहते. मध्यरेषेपासून केली तर फांदी कुठल्याही कोनात फुटो, तिची त्रिज्या खोडाच्या त्रिज्येपेक्षा मोठी नसली म्हणजे तिचं तोंड आधीच पोकळ झालेल्या खोडात पुरतं बुडतं. मागं काही उरत नाही. इंजेक्शन मोल्डच्या प्लेटवर रनर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक नेणारे चर, काढणारे तुमच्या टूलरूममधले लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मुख्य रनर, त्याला फुटणारे उपरनर, प्रत्येक उपरनरच्या टोकाला गेट आणि कॅव्हिटी. तेही झाडच की.

शंकेखोर : रनरचं नाव काढलंस ते बरं झालं, त्याच्याकडं येतोच. आधी तुझ्या फांद्यांची टोकं बघू. स्वीप संपतो तिथं खाचेला सपाट भिंत मिळते, वाटेला काटकोनात कापलेली. बॉलनोज कटर असली भिंत देऊच शकत नाही, त्याचं तोंडच गोल. म्हणजे प्रत्येक डहाळीच्या टोकाला तू एक गोळा वेगळा फिरवून कापणार. आता जाडी बदल. खोड ६.३ मिलिमीटरचं आणि त्याच्या शेवटी पाच मिलिमीटरच्या दोन फांद्या, असं घे. खोडाचा तळ ३.१५ खोल, फांदीचा २.५. मध्ये ०.६५ मिलिमीटरची पायरी आणि चंद्रकोरीसारखी उभी भिंत. ती तू आखली नाहीस, कुणी मागितली नव्हती. दोन स्वीप शेजारी शेजारी ठेवल्यामुळं ती आपोआप जन्माला आली. माझा मूळ आक्षेप हा आहे. खोडाला मापं आहेत, फांदीला मापं आहेत, पण जोडाला तुझ्या मॉडेलमध्ये अस्तित्वच नाही. दोन क्रियांतून जे उरलं त्याला तू जोड म्हणतेस.

आणि हे नुसतं नीटनेटकेपणाचं प्रकरण नाही, भूमितीतच अडचण आहे. स्वीपचा पृष्ठभाग म्हणजे चार कडांचं कापड : एक दिशा छेदाची, दुसरी वाटेची. ते कितीही वाकव, पिळ, चारच कडा. फाट्याच्या पृष्ठभागाला मात्र सहा कडा असतात. लेंगा घे, उभा चिरून त्याची पुढची बाजू जमिनीवर पसर आणि कडा मोज : कंबर एक, पायांच्या मोऱ्या दोन, बाहेरच्या शिवणी दोन, आणि एका पायातून आसनापर्यंत चढून दुसऱ्या पायात उतरणारी आतली एक. सरळ चौकोनी कापडातून लेंगा होत नाही म्हणून शिंपी आसनाशी वेगळा विचार करतो. तुझा प्रोग्रॅम तो विचार करत नाही. तो दोन नळकांडी एकमेकांत घुसवतो आणि जिथं छेदतील तिथं कापून मोकळा होतो.

हौशी : पण शिंपी कापड शिवतो, मी दगड काढते. हा फरक तुम्ही अलगद गिळलात. शिवायचं असतं तेव्हा जोड आधी ठरवावा लागतो. काढायचं असतं तेव्हा जोड आपोआप होतो, आणि त्यात लबाडी काही नाही. तुमचा बॉलनोज कटर फाट्यावर काय करतो? एकदा खोडातून जातो, वर उचलला जातो, पुन्हा खाली उतरून फांदीतून जातो. दोन प्रवास, दोन पोकळ्या, त्यांची बेरीज. माझं मॉडेल अक्षरशः हेच लिहून ठेवतं. छिन्नीचंही तसंच. कान्हेरीच्या डोंगरावर पावसाचं पाणी टाक्यांत नेणारे चर खडकात खोदलेत. एक चर दुसऱ्याला मिळतो तिथं त्या माणसानं सहा कडांचा पृष्ठभाग मनात आणला असेल का? त्यानं एक चर मारला, मग दुसरा मारत मारत पहिल्यात आणून सोडला. पाणी वाहिलं, काम झालं. तुम्ही ज्याला उरलेलं म्हणता, ते हाताच्या कामात सगळीकडं आहे.

आणि ‘एक वस्तू, एक वाट’ ही गोष्ट इतकी क्षुल्लकही नाही. आयआयटी मुंबईत मिलिंद सोहोनी, भरत अडसूळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३-१४ च्या सुमारास याच प्रश्नावर काम केलं : एखादी घनवस्तू वाटेवरून फिरवली तर तिनं व्यापलेल्या जागेची नेमकी हद्द कशी काढायची? कोणत्याही क्षणी वस्तूचा सगळा पृष्ठभाग त्या हद्दीला टेकलेला नसतो, त्यावरची एक रेषा तेवढी टेकते. अशा क्षणोक्षणीच्या रेषा ओवत गेलं की बाहेरचं आवरण मिळतं. पण वाट फार झपकन वळली की आवरण स्वतःतच दुमडतं, आणि तो दुमडलेला भाग ओळखून छाटावा लागतो. माझ्या सहाच्या खाचेतही वळणाची त्रिज्या तीनपेक्षा खाली गेली की आतल्या कडेला हेच होतं आणि स्वीप एरर देतो. एका वाटेच्या एका प्रवासात एवढं गणित भरलंय. ते ज्यानं पक्कं केलं त्याला मी फाट्यापाशी दोनदा बोलावलं, तर त्यात कमीपणा कसला?

शंकेखोर : कमीपणा नाही. पण तू आता एक कबुली देऊन बसलीस, तिची तुला कल्पना नाही. तुझं मॉडेल वस्तूचं नाही, हत्याराच्या हालचालीचं आहे. चालेल, तसंच धरू. मग हत्याराखाली दगड कोणता, ते बघ. कडप्पा. आपल्याकडं स्वयंपाकघराच्या ओट्याला लागतो तोच. पुण्यात आयुकाच्या भिंतींना कोरियांनीच खाली काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत ग्रॅनाइट लावलाय. काळ्यावर काळं, त्यावर आणखी काळं. सुंदर दगड, पण कडेला कपच्या काढणारा. आता दोन सहा मिलिमीटरच्या खाचा वीस अंशांच्या कोनात फोड. फाट्याच्या बिंदूपासून मधल्या रेषेवर सतरा मिलिमीटर पुढं जाईपर्यंत त्या एकमेकींत मिसळलेल्याच राहतात. मधली धार तळातून हळूहळू वर येते आणि सतरापाशी पृष्ठाला भिडते, तीही दोन्ही बाजूंनी जवळजवळ उभी, पात्यासारखी. त्यापुढं आणखी पाच मिलिमीटर गेलीस तरी दोन खाचांमधली भिंत जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची. कडप्प्यात ती टिकणार? स्क्रीनवर अगदी रेखीव दिसेल. दगडात कटर दुसऱ्या बाजूनं गेला की टवका उडेल, आणि फाट्याचं टोक तुझ्या आखलेल्या जागी नसून टवका जिथं थांबेल तिथं असेल. हत्याराची हालचाल तू लिहिलीस. दगडाचं म्हणणं मॉडेलमध्ये कुठाय?

हौशी : ते फिलेटमध्ये. कोन साठ अंशांवर नेला तर सतराचे सहा होतात; पण वडाची फांदी मी माझ्या सोयीनं वाकवणार नाही. म्हणून फाट्याच्या बेचक्यात त्रिज्या द्यायची. धार तळातून वर येऊ द्यायचीच नाही, ती मागं ढकलून बोथट करायची. आणि तुमच्या सहा कडांनाही उत्तर आहे. तिन्ही खाचा फाट्यापासून थोड्या अलीकडं कापून थांबवायच्या, मधली जागा मोकळी ठेवायची आणि तिथं फिल किंवा बाउंडरी सरफेस ताणायचा, तिन्ही तोंडांशी टँजंट. मग जोड म्हणजे उरलेलं नाही. तो मी केलेला, माझ्या हातचा.

शंकेखोर : आणि त्याची मापं? टँजंट म्हणजे तोंडाशी कसं भेटायचं एवढंच ठरलं. मध्ये फुगायचं किती, बसायचं किती, हे प्रोग्रॅमनं त्याच्या मर्जीनं ठरवलं. आधी जोड कुणाचाच नव्हता, आता तो तुझ्या नावावर पण त्याच्या हातचा. याला मी प्रगती म्हणणार नाही. रनरवर येतो म्हणालो होतो, ते यासाठीच. रनरमध्ये फाट्याला कायदा असतो. वितळलेलं प्लास्टिक एका वाटेतून येऊन दोन सारख्या वाटांत जायचं असेल, तर मोठ्या वाटेच्या व्यासाचा घन हा लहान वाटांच्या व्यासांच्या घनांच्या बेरजेइतका, असा मोल्ड करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. पाचच्या दोन वाटा असतील तर आधीची ६.३ ची. मघाचा आकडा तिथूनच घेतला होता. १९२६ साली सेसिल मरे यांनी रक्तवाहिन्यांसाठी मांडलेला नियमही हाच. झाडांसाठी लिओनार्दोनं वेगळंच टिपलं होतं : फांद्यांच्या छेदांची क्षेत्रफळं मिळवली की खोडाचं क्षेत्रफळ. म्हणजे घन नाही, वर्ग. पाचच्या दोन फांद्यांना सातहून किंचित जाड खोड. हे दोन नियम एकाच फाट्याला दोन वेगळी खोडं देतात. तिसऱ्याला, तुझ्या कटरला, कोणतंच खोड चालतं. त्याला हातात सहाचं टूल आहे एवढंच ठाऊक. आता सांग, फरशीवरचं झाड यातल्या कुठल्या कायद्यानं फुटणार?

(इथं लेखकानं मध्ये बोलणं बरं नव्हे, पण एक राहवत नाही. भिंतीवरच्या त्या झाडाला खोडाची जाडी विचारायला गेलं तर कुठं मोजायची तेच कळत नाही. हॉजकिनच्या आकारांना काठ आहेत, मध्यरेषा नाहीत. इमारतीत शिरल्यावर मात्र रेषाच रेषा : प्रवेशाजवळ युरोपच्या विवेकयुगाची खूण, पुढं चारबाग, शेवटी बिंदूचं वेटोळ्याचं चिन्ह, असे तीन मुक्काम कोरियांनी एका सरळ अक्षावर ओवलेत. आत वास्तुकाराचा मार्ग आणि दारावर चित्रकाराची सावली, असं ते घर आहे. या दोघांच्या भांडणाला त्या दाराइतकी योग्य जागा दिल्लीत दुसरी सापडेल असं वाटत नाही.)

हौशी : कुठल्याच नाही. आणि त्यामुळंच मला वाटायला लागलंय की आपण दोघंही मध्यरेषेला उगाच चिकटून बसलोय. फाट्याचा सगळा त्रास वाट हा शब्द आधी उच्चारल्यामुळं होतो. उलट्या बाजूनं बघा. फरशीतला कुठलाही बिंदू घ्या आणि विचारा, तुझ्यापासून सर्वांत जवळची फांदी किती लांब? उत्तर तीनपेक्षा कमी आलं तर तो बिंदू पोकळ, जास्त आलं तर दगड. संपलं. यात वाट नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. दोन फांद्या असोत की वीस, प्रश्न तोच. फाटा हे काही वेगळं प्रकरण उरतच नाही. टोकं आपोआप गोल येतात, तुमचा गोळा फुकटात. दोन अंतरांतलं लहान ते घेण्याऐवजी दोघांचं हळुवार मिश्रण घेतलं की बेचकं आपोआप गुळगुळीत होतं. अंतरांवर चालणारं हे मॉडेलिंग आता जाळीदार, थ्रीडी प्रिंट करायच्या वस्तूंसाठी सर्रास वापरतात. स्वीप सोडून द्यायचा असेल तर हा रस्ता माझ्यापुढं आहे. मी अजून तो धरला नाही, एवढंच.

शंकेखोर : धरलाही नाहीस, आणि का, ते तुलाही माहीत आहे. त्या मॉडेलला पृष्ठभाग असतात, पण त्यांना ओळख नसते. हा खोडाचा तळ, ही फांदीची डावी भिंत, असं बोट ठेवता येत नाही. ड्रॉइंगवर माप कशाला लावायचं? इन्स्पेक्शनवाला प्रोब कुठं टेकवणार? हळुवार मिश्रण म्हणालीस. त्या मिश्रणानं जोड किंचित फुगतो, आणि किती फुगला ते तू लिहिलेल्या आकड्यात दिसत नाही, मागाहून मोजावं लागतं. मघाचीच तक्रार परत. आपल्या मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीनं सॉलिडवर्क्ससाठी फीचरवर्क्स केलं होतं, आठवतंय? बाहेरून आलेलं मुकं मॉडेल बघून हे छिद्र, हा फिलेट, हा एक्स्ट्रूड असं ओळखून त्याला पुन्हा बोलतं करायचं. मला ते काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यामागं एक धारणा होती : आकाराला त्याच्या घडण्याची भाषा असते आणि ती आकारातून वाचता येते. पण त्या भाषेत छिद्राला नाव आहे, फाट्याला नाही. तू स्वीपनं केलास तर फाटा दोन नावांच्या मध्ये पडतो. अंतरानं केलास तर सगळ्या झाडालाच नाव उरत नाही. निवड एवढीच आहे.

हौशी : नावाची एवढी भीड असेल तर दुसऱ्या बाजूचं नावही ऐका. फीचर ट्री. पॅरेंट आणि चाइल्ड. खोड आधी केलं म्हणून ते पालक. पहिली फांदी त्याच्या मध्यरेषेवर टेकवली म्हणून ती लेकरू. तिच्यावरची डहाळी नातवंड. आता मी खोडाचं एक वळण बदललं की खालचं सगळं कुटुंब रीबिल्ड होतं, आणि कुठंतरी एखाद्या नातवंडाला आपली टेकायची कड सापडत नाही, की लाल खूण. तुम्ही म्हणता आकाराला घडण्याची भाषा असते. मी म्हणते, ती भाषा वंशावळीची आहे, आणि वड वंशावळीनं वाढत नाही. फांदीला पारंबी फुटते, ती जमिनीला टेकते, मूळ धरते, जाड होते, आणि काही वर्षांनी तीच फांदीला खांद्यावर घेते. तेव्हा पालक कोण आणि लेकरू कोण? वाट खोडातून फांदीत, फांदीतून पारंबीत, पारंबीतून परत जमिनीत, वेढाच पुरा होतो. फीचर ट्रीला असला वेढा चालत नाही. स्वतःच्या नातवावर टेकलेला आजा त्याला मान्य नाही. मी तो वेढा तोडून कुठंतरी ‘सुरुवात’ लिहिते, आणि ती जागा पूर्ण माझ्या मनची असते. स्वीपमधली खरी खोट मला इथं दिसते, जोडात नाही. जोड एक वेळ गोळ्यानं, फिलेटनं, तुमच्या लेंग्याच्या आसनानं निभावेल. पण कुठली फांदी आधी, हे मला सांगावंच लागतं, आणि भिंतीवरचं झाड ते कुठंच सांगत नाही.

शंकेखोर : हे मला नवीन आहे, आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. पण मग तुझा कान्हेरीचा चर खोदणारा? त्यालाही एक चर आधी मारावाच लागला.

हौशी : लागला. पण चर मारून झाल्यावर तो क्रम दगडात राहिला नाही. कुठला आधी मारला ते आज तिथं उभं राहून कुणाला सांगता येणार नाही. माझ्या फाइलमध्ये मात्र तो कायमचा लिहिलेला राहतो, आणि पुढच्या प्रत्येक बदलावर हुकूम चालवतो. दगड क्रम विसरतो, प्रोग्रॅम विसरत नाही. तुम्ही म्हणाल ही त्याची ताकद, रनरसाठी आहेच. आठ कॅव्हिटींचा मोल्ड सोळांचा करायचा असेल तेव्हा हीच वंशावळ जीव वाचवते. मुख्य रनर बदलला की घनाच्या नियमानं खालचे सगळे आपोआप बदलले पाहिजेत, आणि तिथं सुरुवात खरोखरच एका जागी असते : स्प्रूपाशी, जिथून माल येतो. प्लास्टिक उलटं वाहत नाही. वडाला स्प्रू नाही.

शंकेखोर : सावलीला तर मुळीच नाही. आणि तू हे विसरतेस की भिंतीवर आहे ती झाडाची सावली आहे, झाड नव्हे. सावलीला खोली नसते, फक्त काठ असतो. मकराना कुठं थांबतो आणि कडप्पा कुठं सुरू होतो, एवढाच तिथला निर्णय. तू तिला तीन मिलिमीटरची खोली दिलीस, त्यासाठी मध्यरेषा शोधलीस, मध्यरेषेसाठी वाट, वाटेसाठी सुरुवात, सुरुवातीसाठी वंशावळ. शिवाय काळ्या दगडात कोरतेस. पॉलिश गेलं की कडप्पा आतून राखाडी दिसतो, म्हणजे सावली उजळ आणि उन्हाची जागा काळी. उलटं झाड. तुला खरंच त्याच्यासारखं करायचं असेल तर स्वीप सोड, अंतरं सोड, नुसती बाह्यरेषा घे, सरळ खाली काप आणि पांढऱ्या फरशीत काळा तुकडा बसव.

हौशी : बसवला. आता फाट्याच्या बेचक्याकडं बघा, कारण तुमचा उपायही तिथंच अडकतो. पांढऱ्या फरशीतल्या खाचेत बेचकं म्हणजे बाहेर आलेलं टोक. कटर त्याला दोन्ही बाजूंनी घासून जातो, ते कितीही टोकदार निघू शकतं. पण त्यात बसणाऱ्या काळ्या तुकड्याला तेच बेचकं आत घुसलेला कोपरा होतं, आणि फिरतं हत्यार आतला कोपरा टोकदार करूच शकत नाही. आपल्या त्रिज्येइतका गोल ठेवतं. तीनच्या कटरनं काढला तर दीडची त्रिज्या. नर आणि मादी जुळत नाहीत. मग एक तर काळा कोपरा कानशीनं हातानं घासून टोकदार करा, नाही तर पांढरं टोक मॉडेलमध्येच दीडच्या त्रिज्येनं बोथट करा. म्हणजे खोली काढून टाकली, मध्यरेषा काढून टाकली, वंशावळ काढून टाकली, तरी फाट्याला एक माप द्यावं लागलंच. मघा तुम्हीच म्हणालात ना, जोडाला मापं नाहीत? हे घ्या. त्रिज्या दीड.

शंकेखोर : पण हे दीड हॉजकिनचं नाही, वडाचं नाही, कडप्प्याचंही नाही. ते कटरचं आहे, आणि तीनचा कटर तू घेतलास कारण तो पाकिटात होता.

हौशी : दोनचा घेईन. मग एकची त्रिज्या. कोपरा आणखी बारीक, टवक्याची भीती आणखी मोठी, आणि वेळ जवळपास दुप्पट. कुठं थांबायचं ते तुम्ही सांगा. की भिंतीपाशी जाऊन, तिथल्या कारागिरांनी बेचक्यात कडप्पा किती गोल ठेवलाय ते जवळून बघायचं?

शंकेखोर : बघ. पण तिथं मोजून आणलेला आकडा फाइलमध्ये भरशील तेव्हा तो कुठल्या फीचरखाली लिहिणार आहेस, खोडाच्या की फांदीच्या, तेवढं आधी ठरवून जा.